सल्ला हवा: दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लष्करी बिल्ले अस्सल की नकली, कसं पारखावं?

अनघा_संग्रह
नमस्कार मंडळी. एका ऑनलाइन लिलावात तीन वस्तूंचा लॉट आलाय. १९३९चा आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग, फितीसकट. इन्फंटेरी-श्टुर्मआबत्साइशेन, म्हणजे पायदळाचा हल्ला-बिल्ला, चंदेरी. आणि काळा जखमी-बिल्ला. क्रॉसच्या कडीवर '६५' असा ठसा आहे, बाकी दोन्हींवर काहीच नाही. सहा दिवस उरलेत. विक्रेत्याकडून कुठले फोटो मागवू, आणि वस्तू हातात आल्यावर घरच्या घरी काय तपासता येईल?

भिंगवाला
अनघाताई, कडीवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. '६५' म्हणजे जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनची क्लाइन उंड क्वेंझर ही बनवणारी कंपनी, हे बरोबर आहे. पण हे सांगणारी यादी सगळ्यांकडे आहे, नकली बनवणाऱ्याकडेही, आणि एक आकडा ठोकायला त्याला मिनिटही लागत नाही. शिवाय सुरुवातीच्या काळातले बरेच क्रॉस बिनठशाचेच आहेत.

पारख बांधणीवर करा. हा क्रॉस तीन भागांचा असतो: मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून धरणारी चंदेरी चौकट, दोन अर्ध्यांची. हे दोन अर्धे कडेवर झाळलेले असतात. म्हणून पहिला फोटो मागा तो कडेचा, आडवा. दहा पट भिंगाखाली कडेच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसायला हवी. बाहेरच्या कडेवर ती घासून जवळजवळ पुसलेली असते, पण दोन भुजा मिळतात त्या आतल्या कोनात कानस नीट पोहोचत नाही, तिथे ती सापडते. एकसंध ओतलेल्या नकलेत ही रेघ एक तर नसते, नाही तर नुसती कोरून काढलेली असते आणि कोनात शिरण्याआधीच संपते.

मग चौकटीच्या आतल्या बाजूची खाचांची ओळ बघा. अस्सलमध्ये प्रत्येक खाच सुटी आणि धारदार, अगदी कोपऱ्यापर्यंत. नकलेत कोपऱ्यात त्या एकमेकींत वितळल्यासारख्या होतात. हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी स्वस्तिक, टोकावर उभं असतं, ४५ अंशांत, आणि त्याचा माथा सपाट, कडा तीक्ष्ण. रुंदी साधारण ४४ मि.मी. पुढे खाली १९३९, मागे खाली १८१३.

चुंबक गाभ्याला चिकटायला हवा. पण पितळी गाभ्याचेही काही अस्सल क्रॉस आहेत, आणि नकलेतही लोखंड घालतात. तेव्हा फक्त चुंबकावर निकाल देऊ नका.

जस्ततांबे
धातूबद्दल मी लिहितो.

सुरुवातीचे बिल्ले टोंबाक (तांबं-जस्ताचं मिश्रण) किंवा जर्मन सिल्व्हरचे (त्यात निकेलही), चांगला मुलामा दिलेले. युद्ध लांबलं, तांबं-निकेल शस्त्रांकडे गेलं, आणि बिल्ले जस्तावर आले. जस्तावरचा चंदेरी मुलामा काही वर्षांत धातूत मुरतो आणि बिल्ला मळकट राखाडी होतो. त्यामुळे राखाडी जस्ताचा बिल्ला म्हणजे नकली, असं मुळीच नाही. उलट जस्तावर आज क्रोमसारखी एकसारखी चकाकी दिसली तर सावध व्हा.

घनता घरी काढता येते. ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. बिल्ल्याचं वजन घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि बिल्ला बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असा सोडा. तळाला, भिंतीला टेकू देऊ नका. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. आता काट्यावर दिसेल त्या आकड्याने कोरडं वजन भागा. २६.१० ग्रॅमच्या बिल्ल्याला ३.०० आलं तर ८.७, म्हणजे टोंबाक किंवा जर्मन सिल्व्हर. ३.६५ आलं तर ७.१५, म्हणजे जस्त. गोची एवढीच की कथलाची घनता ७.३ आहे, आणि नकला बऱ्याचदा कथलाच्या मिश्रणाच्या असतात. तिथे ही चाचणी थकते. मग सराफाकडे जा. सोनं तपासायच्या कॅरेटमीटरवर कथील, शिसं, जस्त, निकेल सगळं वेगळं दिसतं, वस्तूला ओरखडाही पडत नाही. फक्त यंत्र पृष्ठभागच वाचतं, म्हणून मागची झिजलेली जागा धरायला सांगा.

आयर्न क्रॉस मात्र पाण्यात घालू नका! सांध्यातून पाणी आत शिरतं आणि गाभा आतून गंजतो. आणि कुठल्याही बिल्ल्याला पीतांबरी, चिंच, लिंबू लावायचं नाही. आम्लाने जस्त सरळ खाल्लं जातं.

फितीसाठी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. नोटा तपासायचा स्वस्त टॉर्च ३९५चा असतो, त्याच्या जांभळ्या उजेडात फसगत होते. निळसर पांढरी लखलख दिसली तर धागा बहुधा युद्धानंतरचा, किंवा फीत आजच्या साबण-पावडरमध्ये धुतलेली. लखलख नाही म्हणजे अस्सल, असं उलटं मात्र धरू नका.

सातारकर
आपल्याकडे आणखी एक भानगड होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी १९४४-४५मध्ये इटलीत जर्मनांशी लढल्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. त्यामुळे 'सातारच्या घरातल्या ट्रंकेत मिळाला' हे पटकन पटतं. शक्य आहे, पण गोष्ट वेगळी आणि वस्तू वेगळी. कागद, फोटो, पत्र असेल तर मागा, नसेल तर गोष्टीचे पैसे देऊ नका.

एक खूणगाठ बांधा: लढाईच्या बिल्ल्यावर 'आरझेडएम'चा शिक्का दिसला तर थांबा. तो नाझी पक्षाच्या वस्तूंवरचा शिक्का, सैन्याच्या नाही. आणि एसएसचं (नाझींच्या निमलष्करी दलाचं) काहीही नवख्याने घेऊ नये, नकलांचा सुळसुळाट तिथे सर्वाधिक आहे.

भिंगवाला
जखमी-बिल्ल्याबद्दल राहिलं. काळा म्हणजे एक-दोन जखमा, चंदेरी तीन-चार, सोनेरी पाच किंवा जास्त. काळा पत्र्याचा, ठशावर दाबलेला, मागून पोकळ. मागे पुढच्या चित्राची उलटी खळगी दिसलीच पाहिजे. मागून सपाट, जड काळा बिल्ला आला तर सोडून द्या. बिल्ल्यावरचं शिरस्त्राणही बघा: बाजूला शिंगासारखी बोंडं असतील तर तो पहिल्या महायुद्धाचा नमुना. मे १९३९मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातून परतलेल्यांसाठी त्याच जुन्या शिरस्त्राणावर हाकेनक्रॉइत्स आलं. ते दुर्मीळ आणि महाग आहे, म्हणून १९१८च्या साध्या बिल्ल्यावर चिन्ह चिकटवून विकतात.

अनघा_संग्रह
खूप आभार. विक्रेत्याने फोटो पाठवले, वर जोडलेत. क्रॉसची रेघ चारही कोनांत दिसते. जखमी-बिल्ला मागून पोकळ आहे, शिरस्त्राणाच्या माथ्यावर रंग उडून पोलाद दिसतंय. हल्ला-बिल्ल्याचं कळत नाहीये.

जस्ततांबे
हल्ला-बिल्ल्याचा तिसरा फोटो मोठा करून बघा. गरुडाच्या डाव्या पंखाखाली खोलगट भागात दोन बारीक फुगीर ठिपके आहेत. साच्यातल्या बुडबुड्यात धातू भरला की असे ठिपके उमटतात. जस्ताचे अस्सल बिल्लेही काही ओतीव आहेत, म्हणून एवढ्यावर मी नकली म्हणणार नाही. पण बंदुकीच्या दस्त्यावर एक जुनी खरवड आहे, आणि चंदेरी मुलामा त्या खरवडीच्या तळापर्यंत अखंड उतरलाय. वापरात खरवड पडली असती तर मुलामा तिथे फाटला असता. म्हणजे खरवड मूळ बिल्ल्यावर होती, साच्यात उतरली, आणि मुलामा नंतर चढला. ही नक्कल आहे.

भिंगवाला
सहमत. बंदुकीचा पट्टाही दस्त्यात मिसळून गेलाय. बोली लावायची तर क्रॉस आणि जखमी-बिल्ला या दोघांच्याच किमतीची लावा, तिसऱ्याचे शून्य धरा. आणि आजच विक्रेत्याकडून लेखी घ्या: १४ दिवसांत परत, कारण 'अस्सल नाही' हे चालेल. वस्तू आली की आधी क्रॉसला चुंबक, मग फितीला दिवा. कडेचे नवे फोटो इथेच टाका, कोनातली रेघ आपण पुन्हा एकदा बघू.