रिपोर्ट कार्डवरचा 'कंडक्ट'चा रकाना: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सी-२०३ : पहिल्या सत्राचे रिपोर्ट सगळ्यांना मिळाले ना? आमच्या मुलीच्या पाचवीच्या कार्डावर विषयांचे मार्क आहेत, ते समजतात. खाली लिहिलंय, 'कंडक्ट बी, ऑनेस्टी बी, कोऑपरेशन सी'. ह्या सी-चा अर्थ काय घ्यायचा? शनिवारी ओपन हाऊस आहे. ए-५०१ टीचर, तुम्ही इतकी वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिकवलंत, जरा सांगा ना.

डी-३०२ : ताई, सोडून द्या. पुढे ॲडमिशनला कोण बघतं कंडक्ट?

ए-५०१ : भाऊ, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. जवळपास प्रत्येकाच्या दाखल्यावर तिथे 'चांगली' लिहिलेलं असतं, म्हणून कुणी तो वाचत नाही. रकाना वाईट नाही, तो भरायची पद्धत वाईट आहे.

ताई, प्रामाणिकपणाला बी देता येत नाही. एखादं मूल बी इतकं खरं बोलतं म्हणजे किती? शिक्षकाला दिसतं ते वागणं, आणि तेच लिहायला हवं. 'कोऑपरेशन सी'च्या जागी असं लिहिता आलं असतं : "गटकामात स्वतःचा भाग वेळेत करते. दुसऱ्याचं अडलं तर थांबत नाही. परिसर प्रकल्पात दोनदा वही द्यायला नाही म्हणाली. पुढच्या सत्रात गटाचं साहित्य तिच्याकडे देणार आहोत." चार ओळी. घरी काय बोलायचं ते त्यातून कळतं.

बी-१०४ : टीचरांचं अगदी बरोबर. ख्रिस्ती शाळांच्या बाबतीत तर हे जास्तच लागू होतं. शाळेच्या प्रॉस्पेक्टसमध्ये पहिल्या पानावर चारित्र्य असतं आणि रिपोर्ट कार्डावर ते तळाशी एका अक्षरात उरतं.

काही शाळा बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातली नऊ फळं, म्हणजे नऊ गुण, घेतात : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ रकाने आखतात आणि पुढे ए-बी-सी भरतात. हेतू चांगला आहे, पण माणूस बाहेरचं पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो, हे १ शमुवेल १६:७ मध्ये त्याच बायबलात आहे. हृदयाची श्रेणी क्लासटीचरने लावू नये. त्यापेक्षा एका सत्रात एक-दोनच गुण घ्यावेत आणि ते वर्गात कसे दिसतील हे जूनमध्येच मुलांना सांगावं. सहनशीलता म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणं, तोतरं बोलणाऱ्या मित्राचं वाक्य मध्येच न तोडणं. एवढं ठोस सांगावं लागतं.

सी-२०३ : पण सर, वर्गात ५५ मुलं. टीचर प्रत्येकाचं कधी बघणार?

ए-५०१ : जमतं. एक लाँगबुक घ्यायचं, प्रत्येक मुलाला एक पान. रोज फक्त तीन मुलांवर लक्ष ठेवायचं आणि एक-एक ओळ लिहायची : तारीख, जागा, काय केलं. विशेषण लिहायचं नाही. 'उद्धट' असं लिहू नका, 'पाण्याच्या नळाशी रांग मोडली, सांगितल्यावर मागे गेला' असं लिहा. १९ दिवसांत वर्गाची एक फेरी होते. परीक्षा आणि सुट्ट्या वगळल्या तरी सत्रात चार फेऱ्या निघतात. चार नोंदींवर तीन-चार ओळींचा शेरा नीट लिहिता येतो.

बहुतेक नोंदी वर्गाबाहेरच्या हव्यात : मधली सुट्टी, पीटी, जिना, लॅब, असेंब्लीची रांग. बाकावर बसलेल्या मुलात फक्त आज्ञाधारकपणा दिसतो. म्हणून गप्प मुलाला ए मिळतो आणि बडबड्याला सी, मग तोच बडबड्या नव्या मुलाला रोज डब्यात वाटेकरी करून घेत असला तरी. पीटीचे सर, लायब्ररीच्या बाई आणि मजल्यावरच्या मावशी यांना विचारावं. मावशींना सगळं ठाऊक असतं.

अजून एक. हा भाग मार्क भरायच्या आधी लिहून संपवावा. समोर गणितात ९६ दिसले की हात आपोआप ए लिहितो. उशिरा येणं आणि फी थकणं ही तर मुलाची वर्तणूकच नाही. ते त्यात धरलेलं दिसलं तर जरूर हरकत घ्या.

डी-३०२ : टीचर, मान्य. पण वर्णन आलं की शिक्षकाचा पूर्वग्रहही आला. मार्कांची निदान फेरतपासणी मागता येते.

बी-१०४ : तुमची शंका रास्त आहे. पण 'सी'शी वाद घालता येत नाही. तारखेसह लिहिलेल्या ओळीशी घालता येतो. "त्या दिवशी तो आजारी होता" असं पालक सांगू शकतात आणि नोंद सुधारता येते. दुसरी सोय म्हणजे आधी मुलाने स्वतः लिहायचं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेत दिवसाच्या शेवटी शांत बसून दिवस आठवायची रीत आहे, तिला एक्झॅमेन म्हणतात. शाळेत शेवटच्या तासाला पाच मिनिटं पुरतात : आज कुणाला मदत केली, कुठे चुकलो, उद्या काय करीन. त्या वहीतली दोन वाक्यं मुलाने निवडून शेऱ्यात लिहायची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रगतिपत्रकात स्वतःचं, सोबत्यांचं आणि शिक्षकांचं मूल्यमापन असावं असं म्हटलंय.

ए-५०१ : आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला वर्णनात्मक नोंदी आल्याच आहेत. घोळ असा झाला की तयार वाक्यांच्या याद्या फिरू लागल्या. 'परिपाठात सहभागी होतो', 'गृहपाठ नियमित करतो'. पन्नास मुलांना तीच दहा वाक्यं. आपल्या मुलाचा शेरा शेजारच्या मुलाच्या कार्डावर जसाच्या तसा बसत असेल, तर तो यादीतला आहे असं समजा.

डी-१०१ : एक विचारू का? आम्ही ख्रिस्ती नाही. मुलगा मॉरल सायन्सला बसतो. प्रार्थनेत हात जोडले नाहीत तर कंडक्ट कमी होतो का?

बी-१०४ : होता कामा नये. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कॅटेकिझमचं, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षणाचं, मूल्यमापनही शाळेच्या कंडक्टमध्ये मिसळू नये, कॅथलिक मुलांच्या बाबतीतसुद्धा. प्रार्थना पाठ असणं आणि मित्राची चूक माफ करणं, ह्यातलं दुसरंच शेऱ्यात यावं. मुलांसाठी शाळा चालवणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली पद्धत मांडली तेव्हा विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तीन आधार सांगितले. शिक्षकाने मैदानावर मुलांमध्ये असावं, चूक व्हायच्या आधीच जवळ असावं, हा त्याचा गाभा. जो मैदानावर गेलाच नाही त्याने कंडक्ट भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सी-२०३ : मग शनिवारी काय विचारू?

ए-५०१ : तीन गोष्टी. हा सी कुठल्या प्रसंगावरून? तिचं चांगलं वागणं कुठे दिसलं? पुढच्या सत्रात तुम्ही काय करणार, आम्ही काय करू? आवाज चढवू नका, टीचरपुढेही ५५ पालक असतात. आणि तिला समोर बसवा, तिच्यामागे तिच्याबद्दल बोलू नका. मारामारी, छळ किंवा चोरीसारखं गंभीर काही असेल तर ते रिपोर्ट कार्डावर येऊच नये. ते मुख्याध्यापकांकडे, समुपदेशकांसोबत, वेगळं बोलायचं.

डी-३०२ : आणि घरी?

ए-५०१ : मार्कांच्या आधी शेरा वाचा, मोठ्याने. चांगल्या शेऱ्याला बक्षीस देऊ नका, नाहीतर मूल टीचर बघत असतानाच मदत करायला शिकतं. त्याने नक्की काय केलं ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.

सी-२०३ : टीचर, त्या लाँगबुकच्या पानाचा नमुना द्याल? पीटीए मीटिंगमध्ये मांडते.

ए-५०१ : रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर या. तारीख, जागा, कृती आणि नोंद कुणाची, असे चारच रकाने आहेत. हाताने आखून देते.