सल्ला हवा: ८×२×२ फुटांची माशांची टाकी, पहिला मजला, पर्वरी (गोवा)

पर्वरीकर: हॉलमध्ये गोड्या पाण्याची टाकी स्वतः जोडायचीय, काळुंदर माशांसाठी. बजेट स्टँडसकट ८० हजार. काच किती जाडीची घेऊ?

तांबडीमाती: १२ मिमी. वर चारही कडांना काचेच्या पट्ट्या, मधे एक आडवी. नाहीतर समोरची काच पोट काढते. काचा चिकटवायचं सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं घ्या. बाथरूमचं नको, त्यातलं बुरशीचं औषध माशांना बाधतं. जोडल्यावर आठवडाभर पाणी भरू नका.

फोंडा_७२: आधी स्लॅब बघा. पाणीच ९०० किलो. काच, वाळू, दगड धरून सव्वा टन. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून काढतात, टाकी बसणार दीड चौरस मीटरवर. बीम कुठून जातो ते इंजिनिअरला विचारा. सहा फुटीच करा.

दर्यावर्दी: करायचीच तर समुद्री करा, लाख-दीड लाख जास्त जाऊ देत. माझ्याकडे चिलर आहे, मे महिन्यातही पाणी २६ अंशांवर.

तांबडीमाती: गोडं पाणी म्हटलंय त्यांनी.

साळकाठ: सम्प (खाली ठेवायची गाळणीची टाकी) हवाच. त्याच्या पाइपांची भोकं जोडणीआधी पाडा. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला पाडता येत नाहीत. लाईट गेली की टाकीचं पाणी खाली उतरतं, दर सेंटिमीटरला १५ लिटर. सम्पात ६० लिटर जागा मोकळी ठेवा. सम्पातून परत वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. ते शेवाळानं बुजतं, दर आठवड्याला साफ करा. बॅटरीचा एअर पंपही घ्या, पावसात लाईटचा भरवसा नाही.

म्हापसेकार: सहा फुटीच करा. लोखंडी स्टँड नको, खाऱ्या हवेत गंजतो.

फोंडा_७२: झिंक प्रायमरवर इपॉक्सी मारा, काही होत नाही. वेल्डिंगच्या सांध्यांवर एक हात जास्त.

साळकाठ: विहिरीचं पाणी वापरणार असाल तर चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ (कमी क्षारांचं) असतं, पीएच एकदम कोसळतो, म्हणजे पाणी आम्ल होतं. त्यावर उपाय म्हणून तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या शिंपल्यातल्या जिवांच्या) शिंपल्या उकळून, चुरून जाळीच्या पिशवीत घाला. त्यासाठी किनाऱ्यावरचं पोवळं उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे.

पर्वरीकर: सगळ्यांचे आभार. आठ फूटच ठेवतोय, उंची दीड फूट. पाणी ६८० लिटरवर येतं. काळुंदरांना लांबी लागते. सम्पही नको, दोन कॅनिस्टर (बंद डब्याचे फिल्टर) लावतो. शिंपल्या घालतो.

फोंडा_७२: बीमचं विचारलंत का?