लॉटरी निमित्त, खरी गोष्ट कर्जाची

'मालामाल वीकली' या २००६च्या हिंदी विनोदी सिनेमाबद्दल इथल्या एका प्रतिक्रियेत 'एवढे पैसे कोण वाटून घेतं, शेवट पटत नाही, नुसता लॉटरीचा टाइमपास' असं म्हटलंय. शेवटाचं मान्य. आरडाओरडाही जरा जास्तच आहे. पण 'नुसता लॉटरीचा टाइमपास' हे काही पटलं नाही. सगळं गाव सावकारीण ठकुराइनीच्या कर्जात बुडालंय, म्हणून तर मेलेल्या अँथनीच्या हातातल्या, एक कोटीचं बक्षीस लागलेल्या तिकिटावरून एवढी धावपळ. ते कर्ज काढून टाका, मग हसायला काय उरतं?

आमच्या सोलापुरात पूर्व भागात शेजारच्या अक्कांकडे मी तो केबलवर पाहिला. अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, कान तेवढे टीव्हीकडे. ठकुराइन वसुलीला आली की मात्र हात थांबायचे, पान तसंच बोटांत, आणि तेलुगूत एक सणसणीत शिवी. बाकीचे परेश रावलला हसत होते, ह्या बाई सावकारणीवर खार खाऊन! मध्येच विचारतात, "एक कोटीतलं सरकार किती घेतंय?" आता प्रश्न बरोबरच आहे, लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो, वर उपकर वेगळा. सिनेमात ते कुणी काढतच नाही.

आणखी एक, इथे कुणी लिहिलं नाही म्हणून: २००६ सालीच याचा तेलुगूत 'भाग्यलक्ष्मी बंपर ड्रॉ' नावाने रिमेक झाला, राजेंद्र प्रसादला घेऊन. अक्कांनी तोही पाहिला. निकाल एका वाक्यात लागला, "हिंदीतलाच बरा हाय, ह्यातली सावकारीण लई मऊ."