लादी काढल्यावर खालचं सिमेंटच ठेवायचंय, ॲसिड स्टेन करू की इपॉक्सी?

मुलुंडची_सून
नमस्कार मंडळी, मुलुंड पूर्वेला आमचा तळमजल्यावरचा वन बीएचके आहे, बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, सध्या रिनोव्हेशन काढलंय. हॉलची मोझॅक लादी उचकटून राबिट (राडारोडा) बाहेर काढलं तर खालून करडं, थोडं खडबडीत सिमेंट निघालं आणि मला ते बघताक्षणी एवढं आवडलं की परत व्हिट्रिफाइड टाइल्स नकोच वाटायला लागलं. काँट्रॅक्टर म्हणतो यावरच ॲसिड स्टेन मारू, तपकिरी छटा येतात, वर सीलर (पारदर्शक संरक्षक थर) मारला की झालं. मिस्टरांना इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा चकचकीत थर, हवंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे पाय घसरायला नको. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय, नक्की काय करावं? हॉल १० बाय १४ आहे.

साइटवरचा_माणूस
ताई, आधी काम थांबवा. तुम्हाला जे दिसतंय ते बहुतेक काँक्रीट नाहीच, लादी बसवायला टाकलेला मसाल्याचा (सिमेंट-रेतीचा) बेड आहे. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जोर देऊन ओढा. रेती सुटून भुगा निघाला तर तो बेडच, आणि त्याच्यावर कुठलंच फिनिश टिकणार नाही. दुसरं म्हणजे हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा, जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करा.

ॲसिड स्टेनबद्दल सांगतो. तो काही रंगासारखा वर बसत नाही, सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी रिॲक्शन होऊन रंग येतो. बेडमध्ये कुठे सिमेंट जास्त कुठे रेती जास्त, त्यामुळे एकीकडे गडद तपकिरी आणि शेजारीच पांढुरकं राहणार, वर जुन्या लाद्यांच्या चौकटीही उमटतील. चांगल्या, घट्ट काँक्रीटवर स्टेन फार सुंदर दिसतो, तुमच्याकडे ते नाहीये. आणि कोणी केलाच तर नंतर सोड्याच्या पाण्याने ॲसिडचा असर घालवून, दोनतीनदा स्वच्छ धुवून, पूर्ण सुकल्यावरच सीलर.

पण तुमचा खरा प्रश्न ओलीचा आहे. तळमजला, जुनी बिल्डिंग, खाली सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट), मध्ये प्लॅस्टिक घालायची पद्धत तेव्हा फारशी नव्हतीच. जमिनीतली ओल वर येत राहते, लादीच्या सांध्यांतून ती उडून जायची म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. इपॉक्सी म्हणजे वरून झाकण लावल्यासारखं, ओल खाली अडकते आणि थर फुगतो. म्हणून आधी टेस्ट करा, जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा १८ इंची चौकोन, चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा, किमान १६ तास हात लावायचा नाही. असे चार तुकडे वेगवेगळ्या जागी लावा. खालून थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली तर सीलर, इपॉक्सी सगळं विसरा, आधी ओल कुठून येते ते शोधा.

गिरगावातली_पोर
सिमेंटचाच लूक हवा असेल तर आपला कोबा का नाही करत?? आयपीएस म्हणतात तोच, सिमेंटचा थर घोटून गुळगुळीत केलेली जमीन. आमच्या चाळीतल्या खोलीत लाल कोबा होता, आजी नारळाच्या तेलाचा बोळा फिरवायची, अजून डोळ्यासमोर आहे ती चमक, उंबऱ्यापाशी पायांनी झिजून जरा फिकट झाला होता तेवढाच. गेल्या वर्षी माझ्या खोलीत तसाच करून घेतला. बेड पूर्ण काढला, ४० मिमीचा थर, चारचार फुटांवर काचेच्या पट्ट्या म्हणजे तडा गेलाच तर पट्टीला धरून जातो. रंगाचं ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको, आणि एका खोलीचं सगळं सिमेंट-ऑक्साइड कोरडंच एकदम कालवून ठेवा नाहीतर दर घमेल्याला वेगळी छटा येते, माझ्या एका कोपऱ्यात आलीये आणि रोज तीच दिसते. घोटणारा गवंडी जुना शोधा. आणि पाणी!! गोणपाट ओलं ठेवून निदान सात दिवस, पंखा अजिबात लावू नका.

ठाणे_पश्चिम
इपॉक्सीचं वर सांगितलंय ते शंभर टक्के खरं आहे, मी भोगलंय. तळमजल्याचंच घर, काँट्रॅक्टरने टेस्टबिस्ट काही न करता एप्रिलमध्ये इपॉक्सी मारलं, आरशासारखं झालं, सगळे खूश. जुलैत रुपयाएवढे फुगे यायला लागले, एक टाचणीने फोडला तर आतून पाणी निघालं. खिडकीजवळचा पट्टा उन्हाने पिवळा पडला तो वेगळाच. सगळं ग्राइंडरने काढावं लागलं, आई महिनाभर धुळीत खोकत होती. सासूबाई आहेत तर चकचकीत काहीच नको, मॅटच ठेवा.

मुलुंडची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रूड्रायव्हरने भुगाच निघाला. चार प्लॅस्टिकं काल संध्याकाळी लावली, आज दुपारी काढली. तीन कोरडी ठणठणीत, खिडकीजवळचं आणि मधली दोन. बाथरूमच्या भिंतीलगतच्या खाली मात्र थेंब, टेपच्या कडेपर्यंत. म्हणजे जमिनीची ओल नाही ना ही?

साइटवरचा_माणूस
एकाच भिंतीला आहे म्हणजे बहुतेक नाही, पण मे महिन्यात टेस्ट कोरडी आली म्हणून जमीन कोरडी असं धरू नका, भर पावसात परत लावून बघायची. आज बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (पाणी जायच्या भोकाला) बूच घाला, दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा, पातळी उतरली तर ट्रॅपचा जॉइंट किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. ते आधी दुरुस्त करा. हॉलचा बेड आत्ताच काढून घ्या, पीसीसी उघडी राहू दे, पावसाळा त्याच्यावरच जाऊ द्या. कोबा गणपतीनंतर घाला. लादी आणि बेड मिळून दोन-अडीच इंच निघतात, त्यात ४० मिमी आरामात बसतं, दरवाजे कापावे लागणार नाहीत.

मुलुंडची_सून
बूच घातलंय, पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारलीये. उद्या याच वेळेला सांगते.