गांजा ओढताना सापडलेल्या पोरावर रावडी शीट कशाला?

टिळकवाडीकर
गणपती जवळ आले की बेळगावात रावडी शीटवरच्या, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या रजिस्टरात नाव असलेल्या लोकांची परेड होते. मैदानात रांगेनं बसवतात, साहेब एकेकाला उठवून विचारतात : धंदा काय, केस किती, हल्ली कुठं राहतोस. मग दम भरून सोडतात. खंडणीवाले, सुपारीवाले यांना बोलावलं तर माझी काहीच हरकत नाही. पण आमच्या भागातल्या एका विशीतल्या पोरावर गांजा ओढल्याच्या दोनच केसवरून शीट उघडलीय. त्यानं आजवर कुणावर हात उचललेला नाही.

1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कलम 27 खाली गांजा ओढल्याबद्दल जास्तीत जास्त सहा महिने कैद, 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं कलम 64 अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावर खटला नको. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. हे त्या पोराच्या घरी कुणीच सांगितलं नाही. लघवीची तपासणी झाली, कन्नडमधल्या कागदावर सही झाली, संपलं. माझं म्हणणं एवढंच : विकणाऱ्याला सोडू नका, पण ओढणाऱ्याला आधी दवाखाना दाखवा.

शहापूरची आई
असं कसं म्हणता ओ? आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटात अंधार पडला की पाच-सात पोरं जमतात. मुलीला क्लासहून आणायला मला रोज कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. त्यांनीही अजून कुणावर हात उचललेला नाही, म्हणून मी निवांत बसायचं काय? पोलिसांची गाडी दोनदा फिरली की आठवडाभर तिथं कुणी फिरकत नाही. भीती कामाला येते, बघा की.

निवृत्त हवालदार
दोन गोष्टी मिसळू नका. केस कोर्टात चालते. शीट हे पोलिसांचं स्वतःचं रजिस्टर. त्याला शिक्षा झालेली असावी लागत नाही, पण वरिष्ठांचा हुकूम लागतो, आणि वागणूक सुधारली तर ती बंदही होते. घरच्यांनी वरच्या साहेबांकडे लेखी अर्ज द्यावा.

आता ओढणारा आणि विकणारा. कायद्यात गांजाचं ‘अल्प प्रमाण’ एक किलोपर्यंत आहे, व्यापारी प्रमाण 20 किलोच्या वर. विकणाऱ्याला हे पाठ असतं. तो खिशात चार-पाच पुड्याच ठेवतो, सापडला की ‘मी ओढणारा’ म्हणतो आणि जामिनावर बाहेर येतो. त्याच्यावर लक्ष ठेवायला ठाण्याकडे रजिस्टरशिवाय काय आहे? माल कुठून येतो हेही ओढणाऱ्याकडूनच कळतं.

खानापूरकर
हवालदारसाहेब, तुमचा मुद्दा खरा आहे. पण आमच्या तालुक्यात पोरं पहाटे रस्त्यावर पळतात ती भरतीसाठी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, गावोगावी फौजी घरं. भरतीत उतरलेल्या पोराचं पोलीस व्हेरिफिकेशन येतं तेव्हा अठराव्या वर्षीची एक चिलीम तिथं उभी राहते. पुढं दारं बंद झालेलं पोर कुणाच्या हाताला लागतं? त्याच विकणाऱ्याच्या.

निवृत्त हवालदार
दारं एवढी बंद नसतात. नोकरीच्या फॉर्मवर केस लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये सांगितलंय की किरकोळ गुन्ह्याकडं नोकरी देणारा कानाडोळा करू शकतो. लपवलं तर मात्र अडकतो. फॉर्मवर खरं लिहा.

निपाणीकर
पोरांवरच भांडताय, पण महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या आमच्या कोगनोळी नाक्याचं काय? तिकडं बाचीहून शिनोळीत पाऊल टाकलं की राज्य बदललं, ठाणं बदललं. विकणाऱ्याला ही हद्द चांगली ठाऊक असते. दोन्हीकडच्या पोलिसांनी दर महिन्याला एकत्र बसून नावं ताडून बघितली तर गल्लीतली दहा पोरं उचलण्यापेक्षा जास्त काम होईल. हायवेवर बसची एकेक बॅग उघडत बसण्यात नुसता वेळ जातो, खबर पक्की हवी.

टिळकवाडीकर
@निवृत्त हवालदार, पुड्या घेऊन फिरणाऱ्यावर शीट उघडा, मी आडवा येणार नाही. ज्याच्याकडं पुडी नाही, पैसे नाहीत, नुसता तपासणीचा कागद आहे, त्याच्याबद्दल मी बोलतोय. दोघांना एकाच रांगेत बसवलं की ओळखीही तिथंच होतात. बिम्सला, म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात नेता येतं, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ आहे, 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. पहिल्या केसला पोलिसांनी आई-बापाला समोर बसवून, त्यांना कळेल अशा भाषेत 64 अ समजावून सांगावं. याला नवा कायदा लागत नाही.

शहापूरची आई
आणि पोरगा दवाखान्यात जायला तयारच नसला तर? तुमच्या त्या कलमात ‘स्वतःहून’ आहे. आमच्या प्लॉटातला एकही स्वतःहून जाणार नाही. उपचाराला माझा विरोध नाही, पण मागं पोलिसांचा धाक असू दे. दुसऱ्यांदा सापडला की नाव रजिस्टरला लागलंच पाहिजे.

खानापूरकर
दुसऱ्यांदा म्हणता ते मला पटण्यासारखं आहे, पण मध्ये त्याला उपचाराची संधी खरोखर मिळाली होती, हे आधी कागदावर दिसू दे.