बीबीए (आयबी) प्रोजेक्ट : सांगलीची हळद हॅम्बुर्गला, कॉस्टिंग कुठे चुकतंय?

हळकुंड_आयबी
नमस्कार मंडळी. पुण्यात बीबीए (आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस) तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट : पॉलिश हळकुंडाचा एक २० फुटी कंटेनर, सांगली ते हॅम्बुर्ग. माल १८ टन, ५० किलोच्या ३६० गोण्या, पेमेंट साइट एलसीवर (खरेदीदाराच्या बँकेची हमी, कागद बरोबर निघाले की लगेच पैसे). आकडे सगळे गृहीत धरलेले : अडत, हमाली, तोलाई धरून खरेदी १५० रु. किलो, पॉलिश, चाळणी, बारदान ६ रु. किलो; न्हावा शेवापर्यंत ट्रेलर ४५,०००; सीएचए (कस्टम्सचा एजंट), टीएचसी (बंदरातल्या हाताळणीचा आकार), फ्युमिगेशन (कीडनाशक धुरी), लॅब मिळून ६०,०००. बेरीज २९,१३,०००. त्यावर ५ टक्के नफा, म्हणून एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) ३०,५८,६५०. पुढे समुद्रभाडं २,००० डॉलर आणि विमा ०.३ टक्के घालून सीआयएफ (भाडं आणि विमा धरून हॅम्बुर्गपर्यंतचा भाव). गाइडनी "घट? व्याज? टर्म?" एवढंच लिहून परत दिलंय. व्हायवा तोंडावर आहे. काय काय बदलू?

खर्डेघाशा
घटीपासून सुरू कर. हळकुंड ड्रममध्ये पॉलिश झालं की साल, माती, मुळं जातात, मग चाळणीत तुकडा आणि भुकटी जाते. ४ टक्के घट धरलीस तर १८ टन भरायला १८.७५ टन घ्यावं लागतं, आणि पॉलिशची मजुरीही त्या १८.७५ टनांवरच पडते. १८,७५० × १५६ = २९,२५,०००. तू धरलेस २८,०८,०००. फरक १,१७,००० चा, आणि तुझा अख्खा नफा १,४५,६५०! तुकडा-भुकटी पावडरवाले घेतात, ती वसुली वेगळी ओळ करून वजा कर. पण घट आधी दिसली पाहिजे.

व्याजाचं असं, की बाजारात पैसे लगेच मोजावे लागतात आणि एलसीचे येतात कागद बँकेत गेल्यावर. मधे पॉलिश, लॅबचा रिपोर्ट, जहाजाची वाट. ६० दिवस, १० टक्के धर. ट्रेलर आणि बंदराचा खर्च धरून ३०,३०,००० होतात, त्यावर ४९,८०८. सरळ ५०,००० लिही. एकूण खर्च ३०,८०,०००.

आता नफा. ५ टक्के खर्चावर की विक्रीवर, हे परीक्षक हमखास विचारतात. खर्चावर धरला तर ३२,३४,०००. विक्रीवर धरला तर ३०,८०,००० ÷ ०.९५ = ३२,४२,१०५. दोन्ही चालतात, पण कोणता घेतलास ते लिहायला हवं. मी पुढे दुसरा धरतोय.

डॉलरला गुगलवरचा दर लावू नकोस, बँक तुझ्याकडून ज्या दराने डॉलर घेते तो लाव. तो ८६ धरला तर ३७,६९९ डॉलर. भाडं मिळवून ३९,६९९. विम्यात बहुतेक मुलं ३९,६९९ वरच ०.३ टक्के लावतात. विमा सीआयएफ किमतीच्या ११० टक्के रकमेचा घ्यायचा असतो आणि सीआयएफमध्ये विम्याचा हप्ताही आलाच. म्हणून ३९,६९९ ÷ (१ − १.१ × ०.००३) = ३९,८३०. हप्ता १३१ डॉलर, विम्याची रक्कम ४३,८१३. पैशाचा फरक किरकोळ आहे, पण पॉलिसीवर कमी रक्कम पडली तर बँक कागद अडवते.

जीएसटी खर्चात घालू नकोस. एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून माल गेला की निर्यातीवर कर लागत नाही आणि खरेदीवरच्या कराचा परतावा मागता येतो. RoDTEP (निर्यात मालात मुरलेले कर सरकार परत देतं ती योजना) दाखवायचं तर सगळ्यात खाली, वेगळं. त्याच्या भरवशावर भाव पाडून दाखवलास की व्हायवात धुतील.

गेट_इन
टर्मबद्दल. इन्कोटर्म्स २०२० मध्ये (खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कधी जाते ते ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) ११ टर्म्स आहेत. त्यातल्या एफएएस (माल जहाजाशेजारी), एफओबी, सीएफआर (भाडं धरून, विमा नाही), सीआयएफ या चार फक्त समुद्र आणि अंतर्गत जलमार्गासाठी, आणि कंटेनरच्या मालाला त्या नीट बसत नाहीत. एफओबीत जोखीम माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते. कंटेनर मात्र काही दिवस आधीच गेट-इन होऊन (बंदराच्या आत जाऊन) यार्डात पडलेला असतो. तिथे काही झालं तर भुर्दंड तुझा, आणि ताबा मात्र तुझा नाही. म्हणून कंटेनरला एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची), आणि भाडं-विमा तुझ्याकडे असेल तर सीआयपी हॅम्बुर्ग. बाजारात आजही सर्रास एफओबी-सीआयएफच बोलतात, ते खरं. पण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये 'बाजारात चालतं' हे उत्तर होत नाही.

सीआयएफमध्ये किमान विमा क्लॉज सी चा (विम्याच्या ठरीव अटींपैकी सगळ्यात कमी संरक्षण), सीआयपीमध्ये क्लॉज ए चा (सगळ्यात जास्त). क्लॉज सी मध्ये आग, जहाज रुतणं, टक्कर असे मोजके धोके येतात, चोरी नाही. क्लॉज ए चा हप्ता जास्त, तेव्हा ०.३ टक्के नक्की कोणत्या क्लॉजचे ते फॉरवर्डरला (मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटला) विचार. आणि मालच ओला भरला असेल, त्यातल्या दमटपणाने बुरशी आली, तर क्लॉज ए सुद्धा भरपाई देत नाही. तो मालाचा अंगचा दोष. स्टफिंगच्या (कंटेनर भरण्याच्या) वेळी ओलावा मोजल्याची नोंद आणि कंटेनरमध्ये टांगायच्या डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या) पिशव्यांचा खर्च, दोन्ही घाल.

हळकुंड_आयबी
खूप आभार दादा लोक! आकडे सगळे बदलून घेतो. एलसीचं एक चॅप्टर आहे, त्यात फक्त एलसीचे प्रकार लिहिलेत. अजून काही हवं का?

खर्डेघाशा
प्रकार दोन पानांत उरक. त्यापेक्षा तुझ्याच मालावर यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) लावून दाखव. कलम ३० मध्ये मालाच्या प्रमाणात ५ टक्के कमी-जास्त चालतं, पण एलसीत नगांची संख्या लिहिली असेल तर ती सवलत जाते. तुझ्या एलसीत '३६० गोण्या' असेल आणि पॉलिशनंतर ३५६ च भरल्या, तर कागदात तफावत. फक्त '१८ टन' असेल तर ३५६ गोण्या, म्हणजे १७.८ टन, बिनघोर चालतात. म्हणून खरेदीदाराला एलसी उघडण्याआधीच प्रोफॉर्मात (सौद्याच्या आगाऊ बिलात) वजन लिहून द्यायचं, गोण्या नाहीत.

तारखाही बघ : मूळ बी/एल (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) द्यायची असेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद सादर, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. एलसीतच कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. विमा शिपमेंटच्या तारखेपासून लागू पाहिजे. बँकेला तपासायला ५ बँकिंग दिवस, आणि बँक बघते ते कागद, हळद नव्हे.

मसाला_डेस्क
एक राहिलंच. नोंदणीच्या पानावर अपेडा (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) लिहिलं असशील तर खोड. हळद मसाला बोर्डाकडे येते, तिथलं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र लागतं. एचएस कोड (कस्टम्समधला मालाचा वर्गीकरण क्रमांक) ०९१० ३० ने सुरू होतो. पुढचे दोन अंक ओली, वाळलेली की पावडर त्याप्रमाणे. आणि लॅबच्या ओळीत नुसतं 'टेस्टिंग' नको. युरोपात हळदीला अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) बी१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम, सगळी अफ्लाटॉक्सिन मिळून १०. नमुना पॉलिशनंतर, त्याच लॉटमधून, वेगवेगळ्या गोण्यांतून घ्यायचा आणि रिपोर्टवर गोण्यांवरचाच लॉट नंबर हवा. पॉलिशच्या आधीचा रिपोर्ट जोडलास तर तो या मालाचा धरत नाहीत.