क्रिटिकल पिरियडला ‘घात’ म्हणावं का?

कृष्णाकाठ (सांगली): शाळेच्या विज्ञान अंकासाठी एक लेख मराठीत आणतोय. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा टाके घालून बंद ठेवला. दोन-तीन महिन्यांनी उघडला तर डोळा ठणठणीत, पण मेंदूच त्याला दाद देईना. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन-चार दिवस झाकला तरी नुकसान झालं. मोठ्या मांजराला मात्र काही झालं नाही. (1981 चं नोबेल.) नुकसान होऊ शकतं त्या या आठवड्यांना इंग्रजीत ‘क्रिटिकल पिरियड’ म्हणतात. मराठीत काय म्हणू? ‘निर्णायक कालखंड’ म्हटलं की विधानसभा आठवते. मी ‘वाफसा’ (पावसानंतर रान पेरणीजोगं होतं ती ओल) लिहिलं, संपादकांनी खोडलं.

तासगावचा: बरं केलं. वाफसा पुढच्या पावसाला परत येतो. ‘घात’ लिहा, म्हणजे पेरणीची नेमकी वेळ. आमचे आण्णा म्हणायचे, “घात मोडली, आता कुरी ठेव छपरात.” (कुरी म्हणजे पेरणीचं अवजार.)

मिरजेची काकू: ‘बाळाच्या डोळ्याची घात’? अहो, आया रडत येतील!

तासगावचा: काकू, *ती* घात. *तो* घात वेगळा.

शुद्धमराठी: शास्त्रीय लेखनात शेतातली बोली कशाला? ‘संवेदनक्षम काल’ हा सिद्ध शब्द आहे.

तासगावचा: ‘क्षेत्र’, ‘बीज’ कुठून आले म्हणे?

कराडकर: माझ्या पोरीला पाचव्या वर्षी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली होती. डॉक्टर म्हणाले, “आळशी डोळा आहे.” आमच्या आई बाहेर येऊन म्हणाल्या, “आमच्यात आळशी कुणी न्हाई.” पोरगी पट्टी काढून बाहुलीला चिकटवायची. तरी फळ्यावरचं दिसायला लागलं. म्हणजे घात पाचव्या वर्षीही पुरती मोडलेली नसते. शब्द फार कडक नको.

कोरेगाव: मला यात भावकी दिसते. एक डोळा बंद म्हणजे एक भाऊ मुंबईला. गावातला, म्हणजे उघडा डोळा, बांध कोरत कोरत त्याचं रान, म्हणजे मेंदूतली जागा, खातो. दोन्ही डोळे शिवले तर वाटतं तेवढं दुप्पट नुकसान होत नाही, कारण कोरायलाच कुणी नाही!

कृष्णाकाठ: हे लेखात घालतो. पण शब्द?

शुद्धमराठी: आधी ‘वाफसा’ की ‘वापसा’ ते ठरवा. वाफेवरून आला असेल तर फ.

मिरजेची काकू: आमच्याकडं वापसाच. वाफ भाकरीला येते.

कृष्णाकाठ: अंक सोमवारी छापायला जातोय हो.

कोरेगाव: ते कुरी म्हणजे पाभरच ना?